पडद्याची चार बोटं

दोन पॉलीहाऊस होती, एक मावळात आणि एक किर्गिझस्तानात. दोन्हीकडे बियाणं एकच, खत एकच, यंत्रणा एकच. मावळातले टोमॅटो लाल आणि टणक निघत. तिकडचे देठापाशी करडे पडून सडत. असं का होतं, ते आप्पांना सांगता येत नव्हतं.

शर्वरीचे आजोबा, डॉक्टर हरिश्चंद्र खांडभोर, यांना सगळे आप्पा म्हणत. त्यांची कंपनी टोमॅटो परदेशी पाठवत नसे. टोमॅटो पिकवण्याची रीत पाठवत असे. पाणी कसं फिरवून पुन्हा वापरायचं, फवारणी न करता पीक कसं राखायचं, हे सगळं त्या रीतीत असे. जमीन आणि माणसं तिकडच्या भागीदाराची, रीत आप्पांची, असा तो करार.

दिवाळीच्या सुट्टीत शर्वरी मावळात आली, त्याच संध्याकाळी संगणकाच्या पडद्यावर किर्गिझस्तानातल्या भागीदार बाई दिसल्या. त्यांचं नाव गुलझात. त्या त्यांच्या भाषेत बोलत आणि यंत्र लगेच मराठीत सांगे. पहिलं पीक गेलं होतं. शेजारी हसत होते. त्यांचं म्हणणं, औषध फवार आणि मोकळी हो.

"आमच्या मेंढ्यासुद्धा तुमचे टोमॅटो हुंगतात आणि पुढे जातात," गुलझात म्हणाल्या. "आता झाडांना पुन्हा फळं धरलीत. हीही सडली, तर मी फवारणी करणार, आप्पा. मग तुमचा करार माझ्या काय कामाचा?"

आप्पांनी मान हलवली. वाद घातला नाही. बाईंचं म्हणणं बरोबर होतं.

शर्वरीने टिपणला विचारलं. टिपण म्हणजे पॉलीहाऊसच्या सरींमधून फिरणारा, गुडघ्याएवढा यंत्रमानव. कुठली खिडकी कधी उघडली, पाणी किती सोडलं, हवेत ओल किती होती, सगळं तो टिपून ठेवी. त्या नोंदींवरूनच किर्गिझस्तानची रीत लिहिली होती.

"सकाळी आठपर्यंत सर्व बंद," टिपण म्हणाला. "आठ वाजता छताची खिडकी उघडते. इथे तसंच. तिथे तसंच."

दुसऱ्या दिवशी शर्वरीला लवकर जाग आली. उजाडत होतं, पण ऊन यायचं होतं. ती पॉलीहाऊसपाशी गेली, तर तिथे कामाला असलेल्या मंदामावशी बाजूच्या प्लास्टिकच्या पडद्याचं हँडल फिरवत होत्या. पडदा थोडा वर गेल्यावर त्यांनी फटीत आडवा हात धरला, चार बोटं मापली आणि हँडल अडकवून ठेवलं.

शर्वरीने विचारलं, हे कोणी सांगितलं?

"काकूंनी," मंदामावशी म्हणाल्या. काकू म्हणजे शर्वरीची आजी. तिला जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. "त्या रोज करायच्या. आजारी पडल्या तेव्हा मला म्हणाल्या, मंदे, ऊन यायच्या आत झाडांना श्वास घेऊ दे. साडेसातला परत लावून टाक."

"आप्पांना माहीत आहे?"

"साहेब आठला येत्यात. आल्यावर आलेख बघत्यात. पडदा कशाला बघतील?"

शर्वरी धावत घरी गेली. आप्पा चहा पीत होते. तिने सांगितलं ते त्यांनी ऐकलं, कप खाली ठेवला आणि फ्रीजमधून पाण्याची बाटली काढून टेबलावर ठेवली. थोड्या वेळाने बाटलीच्या अंगावर थेंब जमले.

"हे पाणी कुठून आलं?" त्यांनी विचारलं.

"बाटलीतून नाही. हवेतून."

आप्पा समजावू लागले. हवेत वाफ असते. गार वस्तूला टेकलेली हवा गार होते, आणि एका मर्यादेखाली तिला सगळी वाफ धरून ठेवता येत नाही. मग थेंब सुटतात. त्या मर्यादेला दवबिंदू म्हणतात (ज्या तापमानाला वाफेचं दव होऊ लागतं ते तापमान). बंद पॉलीहाऊसमध्ये रात्रभर झाडांची वाफ साठते. ऊन आलं की हवा लगेच तापते, पानं आणखी वाफ सोडतात. पण टोमॅटो पाण्याने भरलेला, तो सावकाश तापतो. तेवढा वेळ तो त्या बाटलीसारखा गार असतो. त्याच्यावर दव बसतं आणि ओल्या देठावर करडी बुरशी रुजते.

शर्वरीला एक शंका आली. "पण बाहेरची हवा तर जास्त गार. ती आत घेतली तर दव वाढेल ना?"

आप्पांना प्रश्न आवडला. गार हवेत मुळातच वाफ कमी मावते, ते म्हणाले. ती आत येऊन उबदार झाली की तिच्यात जागा होते. ती आतली ओल उचलते आणि बाहेर घेऊन जाते.

"मग हे टिपणला कसं कळलं नाही? ओल तर तो मोजतो."

आप्पांनी बाटलीवरचे थेंब पुसले. मग म्हणाले, "त्याला कळलं होतं. रोज सहाच्या सुमाराला ओलीच्या आलेखात एक खाच पडायची. कुठलीही मोटर हललेली नसायची. हाताने फिरवलेल्या पडद्याची नोंद टिपणकडे येत नाही. मला वाटलं, मापक बिघडलाय. दोष समजून ती खाच मी रोजच्या रोज पुसायला लावली."

त्यांनी टिपणला बोलावलं आणि पुसलेल्या नोंदी आहेत का, ते विचारलं.

"मूळ नोंदी टाकून देत नाही," टिपण म्हणाला. "अकरा हंगामांच्या आहेत. रोज खाच आहे. मागच्या वर्षी सलग बावीस दिवस नाही. तेविसाव्या दिवसापासून पुन्हा आहे."

ते बावीस दिवस कुठले, ते शर्वरीने विचारलं नाही. तेव्हा आजी पुण्यात दवाखान्यात होती आणि आप्पा तिच्याजवळ. बाविसाव्या दिवशी मंदामावशी तिला भेटून आल्या होत्या.

त्याच सकाळी आप्पांनी गुलझातना व्हिडिओ फोन लावला. चूक रीतीत होती आणि ती आपली होती, हे आधी सांगितलं. मग शर्वरीने चार बोटं दाखवली.

गुलझातनी स्वतःची बोटं पाहिली. "आमच्याकडे पहाटे बर्फ असतं. चार बोटं उघडलं तर झाडं गोठतील."

"चार बोटं मावळची," आप्पा म्हणाले. "तिकडची किती, ते तुम्ही शोधायचं. आणि मग आम्हाला शिकवायचं."

गुलझातनी पडद्याला हात लावला नाही. ऊन यायच्या आधी जवळच्या गरम झऱ्याचं पाणी पॉलीहाऊस उबदार ठेवणाऱ्या नळ्यांमधून थोडं जास्त सोडलं आणि छताची खिडकी एक बोट उघडली. दर दोन दिवसांनी त्यांचा निरोप येई. कधी बोट जास्त झालं, कधी कमी. शर्वरीची सुट्टी संपली, शाळा सुरू झाली, तरी ती प्रत्येक निरोप वाचत होती.

दीड महिन्याने एक फोटो आला. लाल टोमॅटो, देठ हिरवे. शेजारी एक मेंढी उभी, तोंडात अर्धा टोमॅटो. खाली लिहिलं होतं, "फवारणी केली नाही. करार चालू. मात्र एक कलम बदला. शिकवणारे एक आणि शिकणारे दुसरे, असं लिहू नका."

आप्पांनी कलम बदललं. रीतीच्या वहीत पहिल्या पानावर नवी ओळ आली: ऊन येण्याआधी पडदा चार बोटं उघडावा, गार मुलखात किती, ते तिथल्या माणसांना विचारावं. खाली शोधणाऱ्यांची नावं लिहिली. पहिलं आजीचं, मग मंदामावशींचं आणि गुलझातचं.

पुढच्या महिन्यात ती वही चिलीमधल्या नव्या भागीदाराकडे जायची होती. शर्वरी शनिवारी मावळात आली. दुसऱ्या दिवशी आप्पा सहाच्या आधीच उठून पॉलीहाऊसकडे निघाले, तेव्हा तीही सोबत गेली. मंदामावशींनी हँडल त्यांच्या हातात दिलं. त्यांनी पडदा वर केला आणि फटीत हात धरला.

"साहेब, तुमची बोटं जाड आहेत," मंदामावशी म्हणाल्या. "काकूंची बारीक होती. जरा खाली घ्या."

आप्पांनी पडदा जरा खाली घेतला. टिपणने आलेखात खाच पडलेली नोंदवली, आणि ती कोणी पुसली नाही.