आधी लॉगिन करा

"शेवटी एखादं चिन्ह टाका. उद्गारचिन्ह चालेल. नाहीतर पासवर्ड घेणार नाही ते."

आवाज माझ्या खांद्यामागून आला. ट्रॉलीबसच्या थांब्यावर मी फोन हातात धरून उभी होते आणि फोनमध्ये माझे बाबा होते... अर्धेच. तपकिरी टोपी दिसत होती, एक कान दिसत होता. बाकी चेहऱ्यावर नुसतं धुकं, आणि त्या धुक्यावर पाटी – पुढे पाहण्यासाठी लॉगिन करा.

बाबा दुपारपासून सापडत नव्हते. मी बाजारातून भाजायच्या मिरच्या घेऊन परतले, तर दार सताड उघडं आणि खुर्ची रिकामी. हल्ली त्यांना दिवस आठवत नाहीत. कधीकधी मीही आठवत नाही. पोलीस "बघतो" म्हणाले. शेजारीण म्हणाली, 'कोमशू' ॲपवर कुणीतरी त्यांचा फोटो टाकलाय. आमच्या या रुसे शहरात मांजर हरवो की नळ बंद पडो, लोक सगळं त्या कोमशूवर टाकतात. कोमशू म्हणजे शेजारी, पण वागणं मात्र फौजदाराचं! नुसतं डोकवायचं म्हटलं तरी आधी नाव सांगा, मग फोन, मग जन्मतारीख.

मी उद्गारचिन्ह टाकलं. आता चित्रं आली. होड्या असलेले चौकोन निवडा. निवडले. चूक. पुन्हा निवडा.

"कोपऱ्यात होडी नाहीये... तो पूल आहे," तोच आवाज, जरा दबून.

मी गर्रकन वळले. उंच, किडकिडीत तरुण. केसांवर पावसाची भुरभुर, चष्म्याच्या काचा ओल्या.

"तुम्हाला बरीच माहिती दिसतेय याची?"

"म्हणजे..." त्यानं चष्मा काढून पुसला. "माफ करा. ते लॉगिन मीच बनवलंय. मी तिथं कामाला आहे."

"तुम्ही?" माझा आवाज चिरकला. "हे माझे बाबा आहेत! हरवलेत! ते कुठे आहेत हे या धुक्यामागे लिहिलं असेल, आणि तुम्ही मला होड्या निवडायला लावताय?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं झटकन स्वतःचा फोन काढला, कोमशू उघडलं आणि फोन माझ्यापुढे धरला. बाबांचा सगळा चेहरा दिसला. खाली लिहिलं होतं – 'हे आजोबा जुन्या धक्क्यावर बसलेत. नाव सांगत नाहीत. बोटीची वाट बघतोय म्हणतात. कुणाचे असतील तर लवकर या. झ्लातका, धक्क्यावरची टपरी.'

त्याखाली लोकांनी टाकलेली हृदयं पुष्कळ. उत्तर एकही नाही.

मी टॅक्सीला हात केला.

"मी येऊ?"

"नको!"

तो दुसऱ्या दारानं आत बसला.

टॅक्सी सिग्नलला थांबली की माझा जीव वरखाली व्हायचा. तो गुडघ्यांवर हात ठेवून, शिक्षा झालेल्या पोरासारखा बसला होता.

"कशाला करता हो असं? नुसतं बघू दिलं तर काय बिघडतं?"

"साहेब म्हणतात, माणसं आत आली पाहिजेत. मोजता आली पाहिजेत."

"आणि ज्याला नुसतं डोकवायचंय, तो?"

तो खिडकीकडे वळला. "त्याचा... विचारच केला नव्हता मी." मग हळूच, "माझं नाव यासेन."

मी माझं नाव सांगितलं नाही. सांगावंसं वाटलं नाही तेव्हा.

धक्क्यावर झ्लातकामावशी टपरीतूनच ओरडल्या, "आत्ता येतेस होय गं? कधीचा फोटो टाकलाय मी! चहा पाजला त्यांना, चीज भरलेली बानित्सा खाऊ घातली. चार गिऱ्हाइकं आली, वळून बघते तर आजोबा गायब!"

खाली डॅन्यूब. गढूळ, फुगलेली, घाईत असलेली. मी धावत काठाशी गेले आणि पाण्यात बघू लागले.

यासेननं माझी बाही धरली. हात नाही, फक्त बाही.

"पाण्याकडे बघू नका. इकडे बघा, माझ्याकडे. ते कुणाच्या बोटीची वाट बघत असतील?"

"आईच्या. ती... ती नाहीये आता. लग्नाआधी तुत्राकानहून बोटीनं यायची, त्यांना भेटायला."

"बरं. मग तिला भेटायला जाताना ते आधी काय करायचे?"

मला एकदम आठवलं. आई हसत हसत सांगायची – 'तुझे बाबा इतके गुळगुळीत दाढी करून यायचे, की साबणाचा वास बोटीपर्यंत यायचा!'

मी पळत सुटले. धक्क्यामागच्या गल्लीतलं न्हाव्याचं दुकान. काचेतून दिसले... मान मागे टाकून, गालभर फेस लावून बसलेले बाबा.

"रादी, ओरडू नकोस," ते डोळे मिटूनच म्हणाले. "अर्धीच झालीये अजून."

ओळखलं त्यांनी मला! मी हसले की रडले, मलाच कळलं नाही. दुकानाचं दार उघडंच होतं, काचेपलीकडे यासेन उभा होता. पुन्हा चष्मा पुसत होता, पण या वेळी काचा पावसानं ओल्या झाल्या नव्हत्या. बाबांना घेऊन बाहेर आले तेव्हा तो निघून गेला होता.

त्यानंतर काही दिवसांनी सहज कोमशू उघडलं, तर ते उघडलंच! ना नाव, ना फोन, ना होड्या. धुकं पार गेलेलं. मी खुदकन हसले... आणि दुसऱ्याच क्षणी थबकले. कुणी केलं हे? आणि त्याचं काय झालं?

दुसऱ्या दिवशी त्याच्या ऑफिसात गेले. समोर बसलेली मुलगी इकडेतिकडे बघून कुजबुजली, "साहेबांना न विचारता खुलं करून टाकलं त्यानं. लोक इतके यायला लागले, की साहेब आता ते बंद करत नाहीत. पण यासेनला मात्र काढलं."

"नंबर मिळेल त्याचा?"

"नाही देता येत."

माझ्यापायी त्याची नोकरी गेली होती, आणि मी त्याला साधं नावसुद्धा सांगितलं नव्हतं. घरी येऊन कोमशू उघडलं. वाचायला आता काही लागत नव्हतं, पण लिहायला खातं लागतं. मग मी, आयुष्यात कुठे खातं न उघडलेली मी, नाव दिलं, फोन दिला, जन्मतारीख दिली, होड्या निवडल्या आणि लिहिलं –

'हरवला आहे: यासेन नावाचा उंच तरुण. सारखा चष्मा पुसतो. न केलेल्या गोष्टींचीही माफी मागतो. दिसल्यास ताबडतोब माझ्याकडे पाठवावा.'

खाली पत्ता.

कुणा टवाळानं लिहिलं, 'मी उंच आहे, चष्मा नाही, चालेल का?' झ्लातकामावशींनी त्याला तिथल्या तिथे झापलं. पण जो यायला हवा होता, तो येईना. बेल वाजली की मी धावायची. कधी पोस्टमन, कधी शेजारीण. वाचलंच नसेल त्यानं... की वाचून हसून सोडून दिलं असेल?

एका संध्याकाळी दार उघडलं आणि समोर तो होता. दाढी वाढलेली, धाप लागलेली.

"इतकी काही माफी मागत नाही मी," तो म्हणाला.

"कुठे होतास?" तोंडातून 'तू' कधी निसटलं, कळलंच नाही.

"नोकरी गेलेल्या माणसानं कोणत्या तोंडानं यायचं? आणि आता... वार्नात काम मिळतंय. सोमवारी हजर व्हायचंय."

वार्ना. लांब, समुद्राच्या काठावर. दाराची चौकट मी घट्ट धरली. "मग निरोप घ्यायला आलास?"

"नाही. विचारायला. दर शनिवारी मी इथं आलो तर... तुला... म्हणजे बाबांना चालेल का?"

"बाबांचं कशाला नाव घेतोस?"

तो लाल झाला. "साहेब ओरडत होते ना, 'कुणासाठी केलंस हे?' तेव्हा मला तुझं नावही सांगता येईना. 'रादी' एवढंच माहीत होतं, तेही बाबांच्या तोंडून ऐकलेलं. पण खरं सांगू? तेव्हाच कळलं... की हो, कुणासाठी तरीच केलंय."

"रादोस्तिना," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण फार लांबून आल्यासारखा. "दर शनिवारी ये. शुक्रवारीच निघालास तरी चालेल."

त्यानं हात पुढे केला. या वेळी बाही नाही धरली.

आतून बाबांची हाक आली, "कोण आलंय गं?"

मी यासेनकडे बघितलं.

"माझा आहे, बाबा!"

आत खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि बाबांचा वैतागलेला स्वर –

"मग दारात काय उभं केलंयस त्याला? आत घे की!"