रेकॉर्डवरचं हसू

शेफील्डच्या बसथांब्यावर लोर्ना चिंब भिजत उभी होती. कोरडा होता तो फक्त तिचा सिंथेसायझर. स्वतःचा रेनकोट तिनं त्यालाच गुंडाळला होता.

"आत कोण आहे? आजोबा?" शेजारच्या उंच मुलानं विचारलं.

"हात लावून बघ... चावतील."

त्यानं खरंच हात लावला, दुसरं टोक उचललं आणि तिच्यासोबत बसमध्ये चढला. हा नेविल. गायचा बरा, बोलायचा त्याहून गोड. थोड्याच दिवसांत त्याच्या 'ग्लास ट्राम' बँडला वादक मिळाली, आणि लोर्नाला... लोर्नाला तर सगळं जगच मिळालं, वेडीला!

पहिल्या रेकॉर्डच्या वेळी तिनं सूर धरण्याआधीच त्यानं डोळे तिरळे करून दाखवले. ती खुदकन हसली आणि ते हसू टेपवर उतरलं.

"पुसून टाक ना रे!"

"मुळीच नाही. गाणं वाजेल तिथे तू माझ्यासोबत असशील."

गाणं धडाक्यात चाललं. टीव्हीवरच्या गुरुवारच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं. तिथे खरं वाजवायचं नसतं. रेकॉर्ड लावतात, बँडनं नुसते हात नि ओठ हलवायचे. रेकॉर्ड कंपनीच्या साहेबांनी लोर्नाच्या जागी एक देखणी मॉडेल उभी करायचं ठरवलं.

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे गं," नेविल बुटांकडे बघत म्हणाला. "नुसतं नाटक."

"तू काय म्हणालास त्यांना?"

"मी... मी काय म्हणणार? पण तुझं हसू आलं ना, की मी थेट कॅमेऱ्यात बघेन. तुझ्याकडे. शप्पथ!"

लोर्नाचा अर्धा जीव तिथेच गेला. उरलेला अर्धा त्या शपथेला टांगून ती गुरुवारी आईशेजारी टीव्हीसमोर बसली.

गाणं सुरू झालं. तिचं हसू आलं. मॉडेलनं ओठ विलग केले... आणि नेविलनं तिच्याकडे वळून डोळे तिरळे केले. अगदी तस्सेच. कॅमेऱ्याकडे त्यानं शेवटपर्यंत पाहिलं नाही.

हे नाटक असेल, तर रेकॉर्डच्या वेळचं ते काय होतं? आणि नाटक नसेल तर... लोर्नाला दोन्हीकडून रडूच येत होतं, पण आईसमोर रडायची सोय नव्हती.

आईचा चहा हातातच राहिला. "लोर्ना, हसली ती तूच ना गं?"

"नाही आई," ती म्हणाली. "दिसतंय की, कोण हसलं ते."