पहिल्या हाकेला

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या. मीही असल्या गोष्टी वाचून हसायचे.

मी जान्हवी. आदिलाबादला लागून असलेल्या मावल्यात राहते, घरूनच एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते. घडलं ते मागच्या कार्तिकात, जैनथकडच्या एका गावात, पेनगंगेच्या काठाला. वेळ दिवेलागणीची.

त्या गावातला वैभव माझा कॉलेजातला मित्र. आमच्या भागातली मुलं शाळेत तेलुगू शिकतात, घरी मराठी बोलतात, आणि आजोबांनी वावरांना ठेवलेली नावं आता कुणालाच सांगता येत नाहीत. त्या सगळ्याची एक विकी करायची, म्हणजे गावातल्या कुणालाही लिहिता येईल अशी वेबसाइट, हे वैभवचं खूळ. नुसती भुणभुण लावली होती माझ्यामागे.

"सर्व्हर तू बसव. लिहायला मी गाव आणतो."

मी आज-उद्या करत राहिले. त्याच वर्षी पावसाळ्यात नदी चढली. वैभव दिवेलागणीला नदीतली पाण्याची मोटार काढायला गेला आणि बुडाला.

त्याचे आईवडील, रेणुकाबाई काकू आणि नागोराव काका, तेव्हा घरातच होते. घरामागेच नदीचा उतार. काकूंना हाक ऐकू आली होती...

"माय..."

एकदाच.

आमच्याकडे दिवे लागल्यावर पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. माणूस असेल तर पुन्हा हाक मारतो. दुसरं काही असेल तर मारत नाही. काकू उठल्या होत्या. काकांनी त्यांना हात धरून खाली बसवलं.

"थांब. दुसरी येऊ दे."

दुसरी आली नाही.

तेव्हापासून काकू काकांशी कामापुरतंही धड बोलत नव्हत्या. ताट वाढायच्या आणि उठून जायच्या.

त्याची विकी त्याच्याच घरात बसवायची, एवढं तरी करू म्हणून मी गेले. सर्व्हर म्हणजे एक छोटा नवा कॉम्प्युटर. डिस्क कोरी. सॉफ्टवेअर मोफत मिळतं, कुणालाही उतरवून घेता येतं. गावात नेटवर्क रडतं, म्हणून मी ते मावल्यालाच पेनड्राइव्हवर घेतलं होतं.

वैभवचं त्यात काहीही नव्हतं. हे लक्षात ठेवा.

बसायला मिळाली कापसाची खोली. वेचणी चालू होती, अर्धी खोली पत्र्यापर्यंत भरलेली. अशा खोलीत आवाज दबतो. पंखा फिरत होता, पण त्याची घरघर येत नव्हती. बाहेर मघापासून भुंकणारी कुत्रीसुद्धा...

गप्प.

मी फाइली उलगडल्या. डेटाबेस जोडला. विकीला नाव दिलं, भाषा मराठी निवडली, पासवर्ड टाकला. काम किती झालं ते दाखवणारी पट्टी शेवटपर्यंत गेली. मुखपृष्ठ उघडलं. तिथे ठरलेला मजकूर येतो, अभिनंदन, विकी तयार आहे वगैरे.

तो नव्हता.

कोऱ्या पानावर एकच शब्द...

माय

मी माझ्या आईला आई म्हणते. हा शब्द माझ्या बोटांतून चुकूनही उतरला नसता. आणि नेटची वायर तर मी अजून लावलीच नव्हती.

तेवढ्यात स्वयंपाकघरात भांडं पडलं.

काकू दारात आल्या. हात ज्वारीच्या पिठाचे.

"हाक कोनं मारली?"

"कुणी नाही, काकू."

"मारली. म्या आयकली."

मी काहीच ऐकलं नव्हतं. काकूंची नजर स्क्रीनवर गेली. त्या चौथी शिकलेल्या, हळूहळू वाचतात. पण हे वाचायला त्यांना वेळ लागला नाही.

मागून काका आले. त्यांनीही वाचलं. चेहरा पार उतरला.

"बंद कर ते, बाई. ओ देऊ नका कोनी."

"मांगच्या खेपेले तुमचंच आयकलं," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "पोरी, इथं लिवलं तं पोचते काय?"

विकीवर कुणालाही लिहिता येतं, एवढं मला माहीत होतं. लिहिलेलं कुठवर पोचतं, हे माहीत नव्हतं. मला भीती वाटत होती. पण त्या बाईला नाही म्हणायची माझ्यात ताकद नव्हती.

मी त्यांचं बोट धरून बटणावर ठेवलं. एकच अक्षर.

ओ

जतन केलं.

काहीच झालं नाही. पंखा फिरत होता. काका दाराची चौकट धरून उभे होते.

मग पान आपोआप हललं... आणि खाली दुसरी ओळ आली.

काऊन उशीर केला?

काकूंनी ती बोट फिरवत वाचली. उ... शी... र. त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसत्या त्या शब्दावर बोट ठेवून बसून राहिल्या.

काका पुढे आले. स्क्रीनकडे त्यांनी बघितलंच नाही. कापसाकडे तोंड करून उभे राहिले.

"तिले नोको विचारू," ते म्हणाले. "ते उठली होती. म्या धरलं तिले. मले विचार, बापू."

कोपऱ्यातला कापूस...

हळूच खाली बसला. थकलेला माणूस बाहेरून येऊन टेकावा तसा.

लाइट गेली.

अंधारात काकूंचा आवाज तेवढा आला.

"तुमी बसा खाली. पाय कापून राह्यले तुमचे."

लाइट आली तेव्हा स्क्रीनवर तोच ठरलेला मजकूर होता. अभिनंदन, विकी तयार आहे. विकी प्रत्येक बदलाची नोंद ठेवते. मी पुन्हा पुन्हा तपासलं. नोंद फक्त माझ्या कामाची होती. काकूंचं "ओ"सुद्धा कुठे नव्हतं.

कापसात मात्र खळगा पडला होता. मी हात घातला.

ओला.

दसऱ्यापासून पाऊस नव्हता. वरचा पत्रा धड होता. हाताला नदीच्या गाळाचा वास येत होता.

काकांनी बाकीचा कापूस विकला. तेवढा ओला तसाच ठेवला. चैत्रात काकूंचा फोन आला. गावातली पोरं विकीवर वावरांची नावं लिहितायत, काकाही सांगायला बसतात, असं म्हणाल्या. आवाज निवांत होता. मी भीत भीत विचारलं, "आणि तो कापूस?"

"आमी दोघं रोज उनात टाकतो," त्या म्हणाल्या. "वाळूनच नाई राह्यला."

मी आता पहिल्याच हाकेला ओ देते. दिवेलागण असो, कुणीही असो. कुणाला उशीर व्हायला नको.

परवा संध्याकाळी दारातून कुणीतरी "जान्हवी" म्हणालं... एकदाच. मी ओ दिली. जाऊन बघितलं तर दारात कुणी नव्हतं.

पायपुसण्याला हात लावून बघायची हिंमत मला अजून झालेली नाही.