दोघांनी बघायचा डॉल्फिन

लाइट गेली नसती, तर रवितानं त्या ऑफिसात पाऊलही टाकलं नसतं. ती आली होती शेजारी झेरॉक्स काढायला. मशीन मध्येच बंद पडलं, बाहेर ऑक्टोबरचं ऊन रणरणत होतं, म्हणून ती सरळ बाजूच्या टूर्सवाल्याकडे सावलीला शिरली. गोंदिया स्टेशनसमोरचं ते एवढंसं ऑफिस. टेबलामागे रूपेश मडावी पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेला. पुरी, काशी, शेगाव... त्याची सगळी गिऱ्हाइकं देवाची. आणि ही मुलगी मात्र भिंतीवरच्या एका जुन्या पोस्टरकडे टक लावून उभी. त्यात निळ्या पाण्यातून एक डॉल्फिन उसळला होता.

"हे दाखवता का तुमी?"

"दाखवतो ना मॅडम. तारकर्लीले. देवमासा बी दिसते कधीमधी. मी दोनदा पायला."

इटियाडोह धरणापलीकडे रूपेशनं आयुष्यात पाणी पाहिलं नव्हतं. पण समोर असे डोळे असले की माणूस थोडं इकडचं तिकडे करतोच!

"बरं..." ती ओठ दाबून म्हणाली. "मंग सांगा, देवमाशाची शेपटी उभी राहते का आडवी?"

"उभी. माशाची राहते तशीच."

"आडवी राहते! तो मासाच नाई. सातवीले विज्ञान शिकवते मी, कामठ्याले. खोटं बोलून राहिले तुमी."

"बोलून राहिलो," रूपेश कान पकडत म्हणाला. "समुद्रच पायला नाई मी."

"मी तरी कुठं पायला?" ती एकदम हळू आवाजात म्हणाली. "वर्गातल्या पोरीनं विचारलं, मॅडम, तुमी पायला का... मी पुस्तकातलं चित्रच दाखवलं."

लाइट आली. झेरॉक्सवाला हाका मारत राहिला. तिला ऐकू आलं नाही.

मग दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की ती यायची, सातवीच्या सहलीचं ठरवायला. विदर्भ एक्स्प्रेसनं मुंबई, तिथून कोकण रेल्वेनं कुडाळ, पुढे एसटी. रूपेश मालवणच्या बोटवाल्यांना फोन लावायचा. सकाळी लवकर निघा, वारा सुटायच्या आत, ते सांगायचे. तो फोन तिच्या कानाशी धरायचा. पलीकडून लाटांचा आवाज यायचा, आणि दोघं श्वास धरून ऐकायचे.

सहल काही झाली नाही. धानकापणीच्या दिवसांत आईबाप पोरांना सोडेनात, आणि हेडमास्तर म्हणाले, "डॉल्फिन कायले पायजे? नागझिऱ्यात वाघ आहे ना!" सहल रद्द झाली, पण ठरवणं थांबलं नाही. शनिवार येत राहिले, चहा येत राहिला. तीस मुलांची सहल कधी दोघांची झाली, ते दोघांपैकी कुणीच मोठ्यानं बोललं नाही.

"एक नियम," एका शनिवारी ती बशीत चहा ओतत म्हणाली. "ज्याले आधी दिसल, त्यानं डोळे मिटून घ्यायचे. दुसऱ्याले दिसल तवाच उघडायचे. एकट्यानं पायचा नाई."

"अन् तेवढ्यात बुडाला तर?"

"तर बुडू द्या. परत जाऊ... आपण."

'आपण' म्हणताना ती इतकी लाजली, की रूपेशला जीव ओवाळून टाकावासा वाटला.

जानेवारीत ती आली ती उभ्यानंच. "रविवारी मले पायले येऊन राहिले. तिरोड्याच्या पॉवर प्लांटातला मुलगा आहे. त्याच्या आधी येऊन बाबाले बोला."

रूपेश इस्त्रीचा शर्ट घालून कामठ्याला गेला. वाटभर वाक्य घोकत गेला. ओसरीवर तिचे वडील, डोमनलाल टेंभरे, सतरंजी झटकत होते.

"ट्रॅव्हल्सवाले ना? रविता सांगत होती. आडनाव काय तुमचं?"

"मडावी."

"मडावी... म्हणजे गोंड, देवरीकडचे." डोमनलालांनी सतरंजी हळूच अंथरली. त्यांना सगळं कळलं होतं. आवाज मात्र साखरेसारखा गोड. "बरं झालं आले. लग्नाले गाड्या लागतील. तुमीच द्या. घरच्यासारखे आहात."

दारात रविता चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती त्याच्याकडे बघत राहिली — बोला ना... आता तरी बोला ना...

रूपेशनं खिशातून डायरी काढली.

"किती गाड्या लागतील, काका?" त्यानं विचारलं.

ट्रे खाली ठेवून ती आत गेली.

फेब्रुवारीत लग्न झालं. गाड्या रूपेशच्याच होत्या. आठवड्यानं नवरदेव स्वतः ऑफिसात आला. भुवनेश्वर नाव, हसरा, मोकळा माणूस. त्याचा राग राग करावा म्हटलं तरी करता येईना.

"भाई, बायकोले कुठं न्यावं? विचारलं तर काहीच सांगत नाई."

रूपेशनं पोस्टरकडे पाहिलं. "तारकर्लीले न्या साहेब," तो म्हणाला. "तिथं डॉल्फिन दिसते." आणि शनिवारी शनिवारी ठरवलेला तो सगळा प्रवास त्यानं दुसऱ्याच्या नावावर करून दिला. तिला निदान समुद्र तरी मिळावा, एवढंच त्याच्या हातात उरलं होतं.

परत आल्यावर भुवनेश्वर पेढे घेऊन आला.

"मस्त झालं भाई, एकदम बढिया! सहा-सात डॉल्फिन, बोटीच्या अगदी जवळ. सारे ओरडून राहिले... अन् आमची बाई डोळे मिटून बसली! सगळ्यात आधी तिलेच दिसला बरं का. बोट दाखवलं अन् डोळे गच्च मिटले. मी म्हणलो, अवो, पाय ना! बोट किनाऱ्याले लागली तवा उघडले."

रूपेशच्या हातातला पेढा हातातच राहिला.

"काऊन म्हणे?"

"डोळ्यात खारं पाणी गेलं म्हणे. परत जाऊ म्हणलो, तर नाई म्हणते."

"जाते साहेब," रूपेश कसाबसा म्हणाला. "पाणी जाते डोळ्यात."

भुवनेश्वर गेल्यावर त्यानं शटर अर्धं खाली ओढलं आणि टेबलावर डोकं ठेवून तो पोटभर रडला. ती कामठ्याच्या दारात वाट पाहत होती, आणि समुद्रावरही तिनं त्याचीच वाट पाहिली होती. बऱ्याच वेळानं त्यानं मान वर केली. समोरच्या भिंतीवर तो डॉल्फिन उसळलेलाच होता.

रूपेशनं डोळे मिटून घेतले.