बोळक्या तोंडाचं माप

दवाखान्यामागच्या खोलीत कवळ्या घडवणाऱ्या बाईंना सगळे ताईच म्हणत. काम चोख, जीभ तिखट. डॉक्टरांनी पेशंटच्या तोंडात मऊ लगदा दाबून माप घेऊन पाठवलं, की ते आकसायच्या आत त्यात प्लास्टर ओतायचं, हा त्यांचा नेम. माप निरखत बसायची चैन नंतरची. त्या दुपारीही त्यांनी तसंच केलं, मन मात्र थाऱ्यावर नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी घरातून निघून गेलेला नवरा वारला असं समजावं, या अर्जावर त्यांची सही हवी होती आणि धाकटा दीर संध्याकाळी कागद घेऊन येणार होता.

प्लास्टर घट्ट झाल्यावर त्यांनी साचा सोडवला.

"अगं बाई! डॉक्टर, माप चुकलं तुमचं. आजोबांची कवळी करायचीय म्हणालात ना? यांच्या तोंडात तर माझ्यापेक्षा जास्त दात आहेत!"

"ताई, सकाळपासून एकच माप घेतलंय," डॉक्टर हसत आत आले. "आजोबांचं तोंड बोळकं आहे..." साचा पाहिला आणि त्यांचं हसू विरलं.

ताईंनी साचा खिडकीशी नेला. पुढच्या दोन पटाशीच्या दातांत फट. डावा सुळा जरा तिरपा. उजव्या दाढेवर कॅप आणि कॅपच्या कडेला बारीक खाच. ती खाच त्यांच्याच हातून पडली होती. नवऱ्याची कॅप घडवताना कानस घसरली होती आणि तो म्हणाला होता, "राहू दे, तुझी सही समज."

घाबरायला हवं होतं, पण ताई भिंग घेऊन बसल्या. हिरड्या मागे सरकलेल्या, दाढांचे उंचवटे सपाट झालेले. नऊ वर्षांत झिजावेत तेवढेच दात झिजले होते. मेलेल्या माणसाचे दात झिजत नाहीत, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. आनंदाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

संध्याकाळी दीर आला. "वहिनी, सही..."

"दोन दिवस थांबा भावजी."

"नऊ वर्षं थांबलोच की आपण."

"मग दोन दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?"

दोन दिवसांनी आजोबांना परत बोलावलं. या वेळी माप ताईंनी स्वतः घेतलं. आधी हिरडीवरून बोट फिरवून पाहिलं. इथून तिथून गुळगुळीत.

"दुखतं हो," आजोबा पुटपुटले. "दात नाहीत, तरी रात्रभर ठणकतं..."

ताईंनी प्लास्टर ओतलं. आजोबा बाहेर बाकावर मुलाची वाट पाहत बसले.

साचा सुटला. तेच दात, तीच खाच. फक्त डावा सुळा नव्हता. त्या जागी खोल खड्डा होता. दात काढल्यावर खड्ड्याच्या कडा काही आठवड्यांत बोथट होतात. या कडा धारदार होत्या, कालपरवाच्या. आणि बाहेरच्या बाजूचं हाड तुटलं होतं. कुठलाही डॉक्टर असा दात काढत नाही. हा हिसकून काढला होता.

"वहिनी?" दारात दीर उभा होता, हातात तो कागद.

"सही नाही करणार मी. जिवंत आहेत ते."

"कुठे?"

ताई तशाच बाहेर गेल्या आणि आजोबांसमोर उकिडव्या बसल्या.

"आजोबा... आत्ता नेमकं कुठे ठणकतंय?"

आजोबांनी जिभेने चाचपलं, मग तोंडात बोट घालून डाव्या सुळ्याच्या पुढची जागा दाखवली.

"परवा याच्या मागे, सुळ्याच्या जागी होतं. सकाळपासून इथे आलंय."