मागची जागा

टकळीचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं, तेवढंच. घरीदारी सगळे तिला टकळीच म्हणत, कारण तिच्या तोंडाला विसावा म्हणून नव्हता. गंमत अशी की दोन वर्षांपूर्वीपर्यंत हीच मुलगी वर्गात उत्तर द्यायला उभी राहिली की आपल्या बुटांशी बोलायची. मग वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी ठरलेली मुलगी आजारी पडली, बाईंनी हिला पुढे ढकललं, आणि ढाल घेऊन घरी आली ती वेगळीच मुलगी. तेव्हापासून चार माणसं एकत्र उभी दिसली की तिला खाऊ दिसल्यासारखं व्हायचं.

त्यामुळे मावशीचा पाय मोडल्याचं कळलं तेव्हा टकळीला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण त्याच्या पाठोपाठ जे वाटलं ते तिने कुणाला सांगितलं नाही.

मावशी राहायची त्या गावात जिकडे बघाल तिकडे द्राक्षमळे. त्यातले पाच मळे इतके छोटे, की प्रत्येकाला वाइन चाखायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी वेगळी खोली थाटणं परवडायचं नाही. म्हणून पाच जणांनी संघ केला आणि तीन खोल्या मिळून चालवल्या. पहिली बसथांब्याजवळ, जिथे पूर्वी द्राक्षांच्या गाड्या वजनकाट्यावर चढायच्या. दुसरी पिंपवाल्याच्या कारखान्याच्या पडवीत. तिसरी टेकडीवरच्या दगडी तळघरात. तिन्हींना जोडणारी सव्वा तासाची पायवाट होती. पाहुण्यांनी पहिल्या खोलीत गळ्यात कापडी पिशवी अडकवायची, तिच्यात एक ग्लास, आणि त्याच ग्लासात तिन्ही ठिकाणी चाखायचं. त्यांना त्या वाटेने नेण्याचं काम वीस वर्षं मावशीकडे होतं. ती खरं तर आली होती एका सुट्टीपुरती.

मावशीने आपल्या जागी टकळीला बोलावून घेतलं. आता प्लास्टर निघायला दोन आठवडे होते, आणि टकळीची शाळा सुरू व्हायलाही तेवढेच. संघाचं म्हणणं सरळ होतं. शनिवारी चिटणीसबाई स्वतः चालून बघतील. पोरीला जमलं तर ठीक, नाही तर वाट मोठ्या कंपनीच्या माणसाकडे जाईल, तो तोंडाशी भोंगा धरून सगळं घडाघडा सांगतो. एकदा गेलेली वाट परत मिळत नाही, हे कुणी बोललं नाही. बोलायची गरजही नव्हती.

"एकच नियम," मावशीने स्टुलावरचा पाय सावरत सांगितलं. "तू सगळ्यांच्या मागे चालायचं."

"मागून माझं बोलणं कुणाला ऐकू जाणार?"

"तुझं? पुढच्या स्टेशनापर्यंत जाईल."

"आणि वाट कोण दाखवणार?"

"खांबांवर बाण आहेत. माणसांना वाट सापडते गं. कुणीतरी मागे असायला हवं."

मग तिने आपलं पिवळं जाकीट टकळीच्या अंगावर चढवलं. डाव्या खांद्यावर चार फिकट जांभळे डाग होते, शेजारी शेजारी.

"वाइन लोक तोंडाने पितात, मावशी."

"जात नाहीत ते," मावशी म्हणाली आणि बटणं लावू लागली.

बुधवारी नऊ पाहुणे आले. टकळी पहिल्या वळणापर्यंत मागे चालली. तिला समोर नऊ पाठी दिसत होत्या, आणि पाठींना भाषण देणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. दुसऱ्या वळणाला ती तुरुतुरु पुढे गेली आणि मागे तोंड करून उलटी चालायला लागली. मग काय विचारता! हा उतार उन्हाचा, तो सावलीचा. दोन्हींची द्राक्षं एकाच आईची पण स्वभाव वेगळे, माझ्या आईचे आणि मावशीचे आहेत तसे. लोक हसले. वेलींवर नुकते तांदळाएवढे कोंब फुटले होते. तारा उन्हात चमकत होत्या, ओल्या मातीचा वास येत होता, आणि पिशव्यांतले ग्लास जाकिटांच्या बटणांवर किणकिणत होते.

रांगेत सगळ्यात शेवटी एक निवृत्त हेडमास्तर होते, सगळ्यांनी पहिल्याच खोलीत त्यांना आजोबा करून टाकलं होतं. निसरड्या फरशांच्या उतारावर टकळीने त्यांच्याकडे नीट बघितलं. ते छान चालत होते. फक्त डावा खांदा जरा खाली झुकला होता, जड दप्तर अडकवल्यासारखा.

तळघरात, संघाच्या गाडीतून आधीच येऊन, मावशी ग्लास परत घेत बसली होती. आजोबांनी आपला ग्लास ठेवला आणि म्हणाले, "तुमची ही भाची म्हणजे दिवाळखोराला हसवील. पण खरं कौतुक मागच्या बाईंचं. उतारावर माझा खांदा सोडला नाही त्यांनी."

"कोण मागच्या बाई?" टकळीने विचारलं.

"आहेत की तुमच्यातल्याच. मी म्हटलं, पुढे व्हा, तर म्हणाल्या, नाही, तुम्ही चला."

त्यांच्याबरोबर आलेल्या आजीबाईंचं लक्ष भलतीकडेच होतं. "अहो, हा सदरा बघा. तोंडाने पिता की खांद्याने?" त्या रुमालाने त्यांचा डावा खांदा पुसू लागल्या. डाग काही हलला नाही.

मावशीच्या हातातला ग्लास टेबलावर जरा जोरात टेकला गेला.

पाहुणे गेल्यावर टकळी फुटलीच. "माझ्यामागे माणूस लावलंस तू?"

"नाही."

"मग त्या बाई कोण? विश्वास नव्हता तर बोलवायचं कशाला? घरी बसून मी पण पापड भाजले असते."

"तू पुढे चाललीस," मावशी म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "मागची जागा मोकळी सोडलीस. म्हणून ती त्यांच्या वाट्याला आली."

"काय आली?"

मावशीने उरलेले ग्लास एकेक करून उपडे ठेवले. शेवटचा ठेवून झाल्यावर म्हणाली, "शनिवारी मागे चाल. तुझ्यासाठी म्हणून नाही, त्या लोकांसाठी."

टकळी त्या रात्री फुरंगटून झोपली. तिला वाटलं, मोठ्या माणसांना हरल्यावर गूढ बोलायची सवय असते.

गुरुवारी पाहुणे नव्हते. सकाळी ती पहिल्या खोलीतल्या पिशव्या वाळत घालायला गेली तर पायरीवर आजोबा बसलेले. एकटेच, कालचाच सदरा घालून. गळ्यात रिकामी पिशवी.

"आजोबा? काही राहिलं का तुमचं?"

"नाही बाळ. निघतेस ना वाटेने? मी शेवटी चालेन."

"आज फेरी नाहीये."

"असू दे," ते शांतपणे म्हणाले. "मी थांबतो." आणि वाट जिथे वेलींमध्ये शिरत होती तिकडे बघत बसले, घरच्या माणसाची वाट बघावी तसे.

दुपारी आजीबाई येऊन त्यांना घेऊन गेल्या. पहाटेच पहिल्या बसने निघाले म्हणे, चष्मासुद्धा घरी. बस सुटली तरी त्यांची मान मागच्या काचेकडे वळलेलीच होती. टकळीने हात हलवला. ते तिच्याकडे बघत नव्हते.

त्या दिवशी टकळी फार बोलली नाही. मावशीने तिच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

शनिवारी मावशीने तिला नवं जाकीट दिलं. प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून दोन संध्याकाळी बसून शिवलेलं, पिवळंधमक. "माझं जुनं झालं," एवढंच म्हणाली. टकळीने आरशासमोर दोन गिरक्या घेतल्या. गुरुवार मनातून पुसून टाकायला ते जाकीट जवळजवळ पुरेसं होतं.

चिटणीसबाई ताठ चालीच्या, कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांच्याबरोबर सात पाहुणे. टकळीने दारातच सगळी गंमत सांगून टाकली, सगळ्यांना पुढे घातलं, आणि आठवी पाठ दारातून बाहेर पडल्यावर मग स्वतः पाऊल टाकलं.

माणसांना वाट सापडते, हे खरं होतं. ती मागून ओरडून सांगत होती, पुढचे हात वर करून ऐकू आल्याचं दाखवत होते. चिटणीसबाईंनी एकदा मान डोलावलेली तिने पाहिली. जमतंय, तिला वाटलं. मावशीची वाट राहते.

पिंपवाल्याच्या पडवीत त्याने पाहुण्यांना वाइन ओतली आणि टकळीला द्राक्षाचा रस. हा माणूस चेष्टेशिवाय हाक मारत नसे. आज तो तिच्या खांद्यावरून मागे बघत होता. ती निघाली तेव्हा तो दारातून बाजूला झाला. ती बाहेर पडली तरी तो तसाच, पाठ भिंतीला लावून, क्षणभर थांबून राहिला.

पुढे चढ होता. डावा खांदा भरून आला. पिशवीचा बंद असेल, म्हणून तिने पिशवी उजवीकडे घेतली.

डावा खांदा तसाच.

दुखत नव्हतं. वर्गातल्या मैत्रिणीने चालता चालता हात टाकावा, तेवढंच वजन. ती थांबली. मागे कुणी थांबल्याचा आवाज आला नाही, चालल्याचाही नाही. वळून बघावं असं तिच्या मनात आलं.

पुढे सात पाहुणे हसत चालले होते. त्यांच्यातल्या शेवटच्या बाईंचे दोन्ही खांदे सरळ होते.

टकळी वळली नाही.

उतार आला. फरशा निसरड्या होत्या. तिचा पाय एकदाही घसरला नाही.

अर्ध्या वाटेवर तिच्या लक्षात आलं, आपण बोलायचं थांबलोय. आणि बोलावंसं वाटतही नव्हतं.

तळघरात ती सगळ्यात शेवटी शिरली. मावशीने तिला बघितलं, आणि दार ओढायला कुबडी पुढे केली नाही. ते थोडा वेळ उघडं राहू दिलं. मग हलकेच लावून घेतलं.

चिटणीसबाईंनी ग्लास ठेवला. "वाट तुमच्याकडेच राहील," त्या मावशीला म्हणाल्या. "पोरगी चांगली आहे. मी उतारावर दोनदा वळून बघितलं, दोघी अगदी बेताने येत होत्या. एवढंच सांगते, त्या बाईंनाही पाणी विचारत जा. वाटभर हिच्या खांद्यावर हात ठेवून चालल्या. थकल्या असतील."

"विचारू," मावशी म्हणाली.

सगळे गेल्यावर टकळीने जाकीट काढून टेबलावर पसरलं. डाव्या खांद्यावर चार डाग होते, शेजारी शेजारी, गडद जांभळे. तिने बोट लावलं. चिकट होते. वासाला ताजी, नुकती कुस्करलेली द्राक्षं. खिडकीबाहेर वेलींवर तांदळाएवढे कोंब होते. द्राक्षांना अजून चार महिने अवकाश होता.

मावशी कुबडीवर रेलून शेजारी आली. तिचं जुनं जाकीट तिथेच खुंटीला होतं. दोघींनी दोन्ही जाकिटांच्या डाव्या खांद्यांकडे बघितलं.

"गार पाण्यात भिजव," मावशी म्हणाली. "साबण लावू नकोस. पक्के होतात."

टकळी बादली भरत होती तेव्हा आईचा फोन आला. जिंकलीस ना, म्हणून तिने आधी भरपूर कौतुक केलं. मग विचारलं, "शाळेच्या आदल्या रविवारचं परतीचं तिकीट काढून ठेवू ना गं?"

टकळीने जाकीट पाण्यात दाबलं. पाण्याला हळूहळू रंग चढत होता.

"नको काढूस, आई," ती म्हणाली. "कुणीतरी मागे असायला हवं."