झोपू द्या तिला

सांगते ते सगळं माझ्या बाबतीत घडलंय. तुम्हाला पटलंच पाहिजे असा माझा हट्ट नाही. माझं पोटच संशय घेण्यावर चालतं, त्यामुळे तुम्ही संशय घेतलात तर मला राग येणार नाही.

आणि हो, यात रात्र नाही. जे काही झालं ते भर दुपारी झालं. जेवणं आटोपल्यावर, लख्ख ट्यूबलाइटखाली.

मी दवाखान्यातल्या मशिनांचं सॉफ्टवेअर तपासते. रुग्णाच्या उशाशी हिरवी रेघ आणि आकडे दाखवणारा मॉनिटर असतो ना, तो. बनवणारे वेगळे. आम्ही फक्त तो कुठे फसतो ते शोधायचं, आणि नाहीच फसला तर तसं सही करून सांगायचं. थोडक्यात सासूचं काम.

आता तपासायला खरा रुग्ण कुठून आणणार? म्हणून एक डबा असतो. त्यातून हृदयाचे खोटे ठोके निघतात. मॉनिटरच्या तारा त्याला जोडायच्या. आम्ही त्या डब्याला 'काका' म्हणतो. खटका फिरवला की काकांचं हृदय बंद, आणि मॉनिटरने लगेच अलार्म द्यायचा. माणूस येऊन बटण दाबेपर्यंत तो थांबता कामा नये. काका रोज मरायचे आणि चहाच्या आत परत जिवंत व्हायचे.

"मारलंस का काकांना?" हे आमच्याकडे 'जेवलीस का' इतक्या सहज विचारत.

अप्पा गेल्यानंतर मी कामावर परत आले, तेव्हा ते विचारणं सगळ्यांनी बंद केलं.

अप्पा म्हणजे माझे वडील. दवाखान्यात त्यांच्या उशाशी आमच्याच कंपनीचा मॉनिटर होता. मी अर्धा दिवस काम करून दुपारची त्यांच्याजवळ बसायचे. बसायचे कसली, खुर्चीत पेंगायचे. अप्पांच्या बोटाला लावलेला मॉनिटरचा चिमटा सारखा निघायचा आणि अलार्म वाजायचा. नर्स येऊन कुठलं बटण दाबते ते त्यांनी पाहून ठेवलं होतं. मग ते स्वतःच हात लांब करून दाबायला लागले.

नर्स रागवायची. "आजोबा, ते तुमचं काम नाही."

"झोपू द्या हो तिला," अप्पा म्हणायचे. "कामावरून दमून येते."

त्या दिवशीही मी झोपले होते. मला जाग आली ती नर्सने दंडाला धरून मला बाहेर नेलं तेव्हा. आत माणसं धावत होती. नर्सांच्या टेबलावर अलार्म वाजला होता. अप्पांच्या उशाशी मात्र... शांतता होती.

मी रडले नाही. बारा दिवसांत नाही, नंतरही नाही. आईने एकदा माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप आलाय की काय म्हणून. काही आलं नव्हतं. आत सगळं बधिर झालं होतं, दाढ काढल्यावर गाल होतो तसं.

कामावर आले त्याच आठवड्यात माझ्याकडे लांब अलार्मची टेस्ट आली. काकांना मारायचं आणि अलार्म वाजत ठेवायचा. आपोआप थांबत नाही ना, एवढंच बघत बसायचं. कंटाळवाणं काम. खोलीत मी एकटीच होते. काचेपलीकडे 'प्रोफेसर' बसला होता. ज्याने हे सॉफ्टवेअर लिहिलं तो. काहीही विचारलं की तासभर शिकवतो म्हणून हे नाव.

मी खटका फिरवला. रेघ आडवी झाली. अलार्म सुरू झाला. तीन सूर, जराशी उसंत, मग दोन. आमचा सगळ्यात वरच्या दर्जाचा अलार्म असाच वाजतो.

रात्री झोप नव्हती. मी जरा डोळे मिटले.

तीन सूर... दोन. तीन सूर... दोन.

टक्.

आणि एकदम शांतता.

मी डोळे उघडले. पडद्यावर घंटेवर फुली आली होती. म्हणजे कुणीतरी आवाज बंद करायचं बटण दाबलं होतं.

खोलीत कुणीही नव्हतं.

मी प्रोफेसरला बोलावलं.

"माझ्यासमोर करून दाखव," तो म्हणाला.

त्याच्यासमोर अलार्म छान वाजत राहिला. त्याने खांदे उडवले. "चालतंय की. तुझंच बोट लागलं असेल."

"माझे हात मांडीवर होते."

"मग कोपर."

आमच्या कामात अशा वेळी एकच रीत आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा करून बघायचं. मी मॉनिटर बदलला. काका बदलले. तारा बदलल्या, खुर्ची बदलली, टेबलाची दुसरी बाजू धरली. डोळे उघडे असले की अलार्म वाजायचा. मिटले की... टक्.

बदलायची राहिलेली गोष्ट एकच होती. मी.

मग मी फोन उभा करून ठेवला, चित्रीकरण सुरू केलं, आणि डोळे मिटून बसले.

ते चित्रीकरण मी आणि प्रोफेसरने मिळून पाहिलं. मी मागे खुर्चीत, मान कलती. पुढे मॉनिटर. अलार्म वाजतोय. आणि रबराचं ते बटण... आत जातंय.

झटक्याने नाही. हळूच. शेजारी झोपलेल्याची झोप मोडू नये म्हणून दिवा मालवतात, तसं.

प्रोफेसरने ते पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिलं. मग म्हणाला, "रबर खराब असेल." त्याने बटणांची सगळी पट्टी नवी बसवली. स्वतःही डोळे मिटून खुर्चीत बसला. त्याच्यासाठी अलार्म वाजत राहिला.

माझ्यासाठी पुन्हा टक्.

प्रोफेसर त्या दिवशी लवकर घरी गेला.

मला भीती वाटायला हवी होती. नाही वाटली. खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. मी कामं उरकून मुद्दाम त्या खोलीत जाऊन बसायचे, काकांना मारायचे, डोळे मिटायचे आणि त्या टक्ची वाट बघायचे. दिवसभरात तेवढंच काय ते मला जाणवायचं. बाकी जेवणाला चव नव्हती.

पण तो नवा मॉनिटर लवकरच दवाखान्यांत जायचा होता. चूक खरंच मशिनमधली असली आणि मी ती आपल्या सुखासाठी झाकून ठेवली, तर? कुठेतरी अलार्म असाच बंद पडेल. आणि तिथेही खुर्चीत कुणाची तरी मुलगी झोपलेली असेल.

मी 'सहीबाईं'कडे गेले. त्या आमच्या वरच्या. त्यांची सही झाल्याशिवाय आमच्याकडची सुई बाहेर जात नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"डोळे मिटून बसायचं, असं आपल्या टेस्टमध्ये कुठे आहे?"

"दवाखान्यातले नातेवाईक डोळे मिटूनच बसतात, मॅडम."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुला रजा हवी आहे का गं?"

"रजा नको. अलार्म वाजायला हवा."

"मग उद्या माझ्यासमोर कर. तू म्हणतेस तशी, डोळे मिटून. बंद पडला तर मी सगळं थांबवते. वाजला तर सही करते, आणि हा विषय संपला."

विषय संपला. म्हणजे काहीही झालं तरी ते टक् संपणार होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सहीबाई आणि प्रोफेसर माझ्या मागे उभे राहिले. मी खटका फिरवला. रेघ आडवी झाली. मी डोळे मिटले.

तीन सूर... दोन.

खुर्चीशेजारी कुणीतरी हात लांब केल्यासारखं वाटलं. बाहीचं कापड घासल्याचा आवाज. तेवढाच.

मी ओठातल्या ओठात म्हणाले, "अप्पा, नका दाबू. या वेळी उठवा मला."

तीन सूर... दोन.

तीन सूर... दोन.

टक् आलं नाही.

अलार्म वाजत राहिला. वाजतच राहिला. मला डोळे उघडवेनात. उघडले की संपणार होतं. शेवटी प्रोफेसरनेच पुढे होऊन बटण दाबलं आणि म्हणाला, "अगं, पुरे. झाली पास."

तेव्हा मला कळलं की माझी ओढणी भिजली आहे. मी रडत होते, आणि बराच वेळ रडत होते.

सही झाली. मॉनिटर गेला. त्यानंतर मी त्या खोलीत कितीदा तरी डोळे मिटून बसले... काही नाही. नुसता अलार्म.

इथे संपलं असतं तर मी ही गोष्ट कुणाला सांगितली नसती. बाप गेल्यावर माणसाला काय काय होतं, असं म्हणून सोडून दिलं असतं.

पुढे एका रविवारी मी घरी सोफ्यावर आडवी झाले होते. आई न्हाणीघरात कपडे भिजवत होती. मला गाढ झोप लागली.

तीन सूर... दोन.

मी उठून बसले. घरात मॉनिटर नाही. माझ्या फोनचा आवाज असा नाही. पण अलार्म वाजत होता, आणि न्हाणीघराच्या बाजूने वाजत होता.

मी धावले. दार नुसतं लोटलेलं होतं. आई फरशीवर पडलेली, ओठ निळे, नळ चालू.

मी तिला हात लावला, आणि अलार्म थांबला.

डॉक्टर म्हणाले, हृदयाचा वेग फारच उतरला होता, थोडा उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. आता आईच्या छातीत ठोके चालवणारं छोटं यंत्र आहे. मजेत आहे ती. माझ्याशी भांडते, म्हणजे मजेतच आहे.

"तुला कसं गं कळलं?" ती विचारते.

"जाग आली," मी सांगते. खोटं नाही ते.

आता मला जे छळतंय ते सांगते.

मागच्या आठवड्यात दुपारी मी आईशेजारी पडले होते. आई बोलत होती, मी हुं हुं करत होते. डोळा लागला.

तीन सूर... दोन.

मी दचकून उठले. आईची नाडी पाहिली. व्यवस्थित. आई म्हणाली, "अगं, मी बोलतेय की, मेले नाहीये." गॅस पाहिला. शेजारच्या घरी जाऊन विचारलं. सगळे ठीक.

मग अलार्म कुणाचा?

दुसऱ्याच दिवशी मी माझ्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. डॉक्टर हसले. "तुम्हाला काहीही झालेलं नाही. खोटा अलार्म." बाहेरच्या माणसाने असं म्हणणं सोपं आहे. आमच्याकडे कारण सापडेपर्यंत कुठलाही अलार्म खोटा धरत नाहीत.

काल दुपारी तो परत वाजला. या वेळी आईच्या बाजूने नाही, स्वयंपाकघराकडूनही नाही. अगदी माझ्या उशाशी. मी अर्धवट झोपेत होते, उठायला बघत होते, पण अंग उचलत नव्हतं. छातीवर जड वाटत होतं.

तीन सूर... दोन.

तीन सूर...

बाहीचं कापड घासलं.

टक्.

त्यानंतर मला फार छान झोप लागली. आईने हलवून हलवून उठवलं तेव्हा अंधार पडला होता.